वरून दुसरी पायरी

जिन्याखालच्या खोलीतल्या बाईंना सगळी शाळा शिडीबाई म्हणायची. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापलीकडे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. मोडके बाक, चेपलेले पृथ्वीचे गोल आणि फाटक्या नकाशांच्या गुंडाळ्या बाहेर काढून ती त्यांना दिली होती. छत जिन्याबरोबर तिरकं उतरलेलं, त्यामुळे एका बाजूला बाई ताठ उभ्या राहू शकत आणि दुसऱ्या बाजूला फक्त मुलं. मधली सुट्टी झाली की डोक्यावरून अख्खी शाळा धडधडत खाली उतरायची. तेवढा वेळ धडा थांबायचा.

तिसरीत येऊनही ज्यांना वाचता येत नव्हतं अशी मुलं दुपारच्या तासांना या खोलीत येत. वाचायला लागलं की मूल पूर्णवेळ आपल्या वर्गात परत जाई, त्याची खुर्ची रिकामी होई आणि बाहेर वाट बघणाऱ्यांतलं एखादं आत येई. कारण खोलीच एवढीशी, खुर्च्या मोजक्याच.

उंच बाजूच्या भिंतीवर जमिनीपासून थेट छतापर्यंत एक पिवळीधमक शिडी रंगवलेली होती. ती बाईंच्या नवऱ्याची करामत. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यामुळे गल्ली त्याला पेंटर म्हणायची. प्रत्येक मुलाचं पुठ्ठ्याचं एक पाखरू होतं, ज्याच्या त्याच्या आवडीच्या रंगाचं. एक पान न अडखळता वाचलं की पाखरू एक पायरी वर. मधल्या पायऱ्यांवर बिस्किटांच्या जुन्या डब्यातून बक्षीस मिळे: पेन्सिल, खोडरबर, रंगीत खडू, काचेची गोटी. आणि शेवटच्या पायरीला मोठा सोहळा. बाई पितळी घंटा वाजवत, सगळी मुलं टाळ्या पिटत, पाखरू भिंतीवरून काढून त्या मुलाच्या हातात देत आणि दार उघडत. "उड," म्हणत. मूल बाहेर, नवं मूल आत.

पहिल्या वर्षी पाखरं भराभर उडाली. सगळ्यांत आधी उडाला गोट्या. डब्यातल्या गोट्यांसाठी जीव टाकणारा पोरगा, म्हणून त्याचं नाव गोट्या. बाई घरी येऊन नवऱ्याला सांगत, "आज एक उडालं हो."

"उडू दे. रंग फुकट नाही गेला म्हणायचा माझा," पेंटर म्हणे.

बाईंची एक खोड मात्र होती. माणूस त्याच्या नेहमीच्या जागेवरून हलला की त्यांना तो ओळखूच येत नसे. दूधवाला दुधाच्या किटलीशिवाय दिसला की त्या त्याच्याकडे परक्यासारखं बघत. मुलं त्यांना खुर्चीवरून ठाऊक असत: खिडकीजवळचा, दाराजवळची, तिरक्या छताखालचे जुळे. पेंटर यावरून त्यांना सतत चिडवायचा. "बाजारात जरा माझ्या शेजारीच चाल. चुकून हरवलो तर तू मला भाजीवाला समजून भाव विचारशील."

दुसऱ्या वर्षी शिडीचं काहीतरी बिघडलं. पाखरं चढत होती, अगदी झपाझप चढत होती, आणि वरून दुसऱ्या पायरीवर येऊन बसत होती. बसली की हलायची नाहीत. तिथपर्यंत गडगड वाचत आलेलं मूल शेवटच्या पानावर एखाद्या लांबलचक शब्दाशी येऊन ठेचकाळायचं. आज एक, उद्या दुसरं. बघता बघता त्या एका पायरीवर पाखरांची एवढी दाटी झाली की पंखावर पंख चढले, आणि खालच्या पायऱ्या ओसाड पडल्या.

बाईंनी नाना उपाय केले. लांब शब्दांच्या रंगीत पट्ट्या केल्या. शेवटच्या पायरीचं बक्षीस वाढवलं. पेन्सिलीऐवजी रंगपेटी. रंगपेटीवरही कोणी हललं नाही, तेव्हा पेंटरकडून सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट करून घेतला आणि तो खिळ्याला टांगला. मुलं मुकुटाकडे बघत, गप्प होत आणि आणखी अडखळत. शिक्षकांच्या बैठकीत बाईंनी भीत भीत सांगितलं की लांब शब्द हाच मुलांचा खरा अडसर आहे असं त्यांना आढळलं आहे. हेडसरांनी चारचौघांत त्यांचं कौतुक केलं. बाई त्या दिवशी घरी हवेत चालत आल्या होत्या.

या दाटीत सगळ्यांत जुनं पाखरू होतं मुंगीचं. काळं, एवढंसं. मुंगी ही न्हाव्याची मुलगी. बारकी, तुरुतुरु चालणारी, काही विचारलं तर आधी इकडे तिकडे बघून मग उत्तर देणारी. वर्गात तर ती तोंडच उघडत नसे. तिच्या वर्गशिक्षकांनी तिच्यावर काट मारली होती आणि हेडसरही आता कंटाळले होते.

"बाई, गावाच्या दुसऱ्या टोकाला हळू शिकणाऱ्या मुलांची शाळा आहे," ते सोमवारी म्हणाले. "राहायची सोय तिथेच आहे. सुट्टीत तेवढं घरी यायचं. त्यांच्याकडे एक जागा आहे, ती अडवून ठेवायला सांगितलीय मी. तुमचं काय मत? तुमचा शब्द मी प्रमाण मानतो."

बाईंनी खाली मान घातली. मुंगीला त्यांनी जीव तोडून शिकवलं होतं. एवढं करून जर होत नसेल तर आपणच तिचा वेळ खातोय, असं त्यांना कितीतरी दिवस वाटत होतं.

"माझ्याच्याने नाही झालं, सर," त्या म्हणाल्या. "तिथे शिकली तर शिकेल."

"मग आठवड्याअखेर कळवून टाकू त्यांना."

हे बापाच्या कानावर आपणच घातलं पाहिजे, असं ठरवून बाई संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानाकडे निघाल्या. वाटभर वाक्यं जुळवत होत्या. दुकान एका चपलांच्या दुकानाला लागून होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, फळीवर वाट्या नि ब्रश. दाराला मण्यांचा पडदा होता. बाई पडद्याशी पोचल्या आणि आत रेडिओवर बातम्या चालू आहेत असं ऐकून जरा थांबल्या. बातम्या संपू देत, मग बोलू.

"धरणाच्या दुरुस्तीसाठी नेमलेल्या समितीने आपला अहवाल सादर केला असून, कंत्राटदाराच्या निष्काळजीपणामुळेच भिंतीला तडे गेल्याचं त्यात म्हटलं आहे," रेडिओ म्हणाला. आणि मग रेडिओनेच विचारलं, "बाबा, पान उलटू? खाली कुस्तीची बातमी आहे."

"उलट की," न्हावी म्हणाला.

बाईंनी पडदा बाजूला केला. रिकाम्या खुर्चीवर मांडी घालून मुंगी बसली होती. हातात तिच्याहून मोठा पेपर. शेजारच्या खुर्चीत तोंडाला फेस फासलेलं एक गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकत होतं.

मुंगीने पेपर खाली घेतला आणि आरशात तिला दारातल्या बाई दिसल्या. बाईंनाही आरशातलीच मुंगी दिसली. दोघी एकमेकींकडे आरशातून बघत राहिल्या. मुंगीचा पेपर हळूहळू घसरत जमिनीवर गेला.

 बाईंनी दाराची चौकट धरली.

"या या, बाई," न्हावी वस्तरा हातात घेऊन पुढे आला. "ऐकलंत ना? रोज वाचते. गिऱ्हाइकं तर आता मुद्दाम तिच्या वेळेला येतात. सगळी तुमची कृपा."

"रोज?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "कधीपासून?"

"झालं की वर्ष होत आलं. का? तुम्हाला माहीत असेलच. तुम्हीच शिकवलंत."

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं बाईंच्या डोक्यातून पुसली गेली होती. उरलं ते भलतंच बाहेर पडलं. "तिला दुसऱ्या शाळेत पाठवायचं ठरलंय. हळू शिकणाऱ्या मुलांच्या. राहायचंही तिथेच." त्या थांबल्या. "वाचता येत नाही म्हणून."

 वस्तऱ्यावरचा फेस न्हाव्याच्या पायावर गळला. "कोणाला वाचता येत नाही?" त्याने विचारलं.  मग तो मुलीकडे वळला. "काय ग? शाळेत काय करतेस तू? मुकी होतेस?"

मुंगी पांढरीफटक पडली होती. खुर्चीचे हात तिने असे धरले होते की जणू आत्ताच कोणी तिला उचलून नेणार होतं.

"मालक," फेसातून गिऱ्हाईक म्हणालं, "रागवा, काय करायचं ते करा. पण आधी माझी दुसरी बाजू करा. हा फेस आता वाळतोय."

कोणी हसलं नाही. बाई तशाच मागे फिरल्या. "मी बघते," एवढंच कसंबसं म्हणाल्या. चपलांच्या दुकानापुढे आल्या तेव्हा मागून तुरुतुरु पावलं ऐकू आली.

"बाई, मला तिकडे पाठवू नका."

बाई वळल्या. रस्त्यावरून हातगाड्या खडखडत जात होत्या, त्यामुळे ऐकू यायला त्यांना वाकावं लागलं. "मुंगे, तुला येत होतं. इतके दिवस येत होतं. मग का ग?"

मुंगीने आधी इकडे बघितलं, मग तिकडे. "शेवटच्या पायरीवर गेलं की जावं लागतं."

"वर्गात तर जायचं असतं बाळा. त्यात काय वाईट आहे? एवढी घंटा वाजवते मी, एवढा मुकुट..."

"वर गेलेल्यांना तुम्ही ओळखत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"गोट्या. पाण्याच्या टाकीजवळ तो तुम्हाला हाक मारत आला होता. तुम्ही त्याला विचारलंत, कुठल्या वर्गाचा रे तू, तास झालाय, पळ." मुंगी हे रागाने सांगत नव्हती. धरणाची बातमी वाचावी तसं सांगत होती. "त्याने येऊन सगळ्यांना सांगितलं. मग आम्ही ठरवलं."

"आम्ही?" बाईंनी विचारलं. पण मुंगी तोवर दुकानाकडे पळाली होती.

घरी आल्यावर बाई चपला न काढता स्वयंपाकघरातल्या पाटावर बसल्या. पेंटर ब्रश धूत होता. त्याने एकदा तोंड उघडलं, बायकोचा चेहरा बघितला आणि चिडवायचं ते गिळून टाकलं. बाईंनी सगळं सांगितलं. पाण्याच्या टाकीजवळचा मुलगा आठवायचा त्यांनी परत परत प्रयत्न केला, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना अजूनही आठवत नव्हता. त्याचीच त्यांना सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

"मी त्याला वाचायला शिकवलं हो. ल आणि ळ मधला फरक कळायला त्याला किती दिवस लागले ते मला आठवतं. चेहरा नाही आठवत."

पेंटरने ब्रश निथळवला. "शिडी रंगवताना मी तुला विचारलं होतं, वर काय काढू. तू म्हणालीस, नुसतं निळं ठेवा, आकाश. मी ठेवलं." त्याने ब्रश डब्यात उभा केला. "आता त्या पोरांच्या जागी बसून बघ. एवढी चढण चढायची आणि वर बसायला फांदीसुद्धा नाही. मी तरी कशाला चढलो असतो?"

"मग मला तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला तरी कुठं सुचलं. मी पाट्या रंगवणारा माणूस. माझ्या पाटीखाली दुकान असतंच."

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून एक जुनी चादर नेली आणि दोन खिळ्यांना अडकवून शिडी पुरती झाकून टाकली. मुलं आली आणि दारातच थबकली.

"आज शिडी नाही," बाई म्हणाल्या. "आज कोणी वर जाणार नाही, कोणी खाली येणार नाही. कोणाला खुर्ची सोडायला लागणार नाही. आज नुसतं वाचायचं. जसं येतं तसं."

 मुलं बाईंकडे बघत नव्हती, ती मुंगीकडे बघत होती. मुंगीने बराच विचार केला आणि मग मान हलवली. एवढीशी मान, पण बाईंच्या पितळी घंटेपेक्षा तिचं वजन जास्त निघालं.

खिडकीजवळचा वाचायला लागला. कुठेही न थांबता पान संपवून गेला. दाराजवळचीने त्याच्या हातातून पुस्तक घेतलं. मग जुळे, दोघं एका सुरात, एकाने श्वास घेतला तर दुसरा वाक्य पुढे नेई. ज्या लांब शब्दांसाठी बाईंनी रात्रंदिवस पट्ट्या कातरल्या होत्या, ते शब्द मुलं शेंगा सोलाव्यात तसे सोलत होती.  शेवटी बाई मुलांच्याच एका बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे छातीशी आले तरी त्यांना कळलं नाही.

"सगळ्यांनाच येतं," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नव्हे.

"परवा परत आलेल्याला नाही येत," जुळ्यांतला एक प्रामाणिकपणे म्हणाला. "पण तो फक्त तापात होता म्हणून राहिला. येईल."

"आणि ते अडखळणं? कुठे अडखळायचं ते कोणी शिकवलं तुम्हाला?"

पुन्हा सगळ्या माना मुंगीकडे.

"लांब शब्दाला अडखळलं की तुम्हाला खरं वाटतं," मुंगी म्हणाली. "छोट्याला अडखळलं की तुम्ही हसता."

बाईंना हेडसरांनी केलेलं कौतुक आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्याहून वाईट पुढेच होतं. त्यांची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. जिन्याजवळच्या लांब बाकावर, खोलीत जागा होण्याची वाट बघत, पोरं बसली होती. एक जण बूट काढून त्यातली माती झटकत होता. एक मुलगी भिंतीवरच्या सूचनेवरून बोट फिरवत होती, चुकीच्या बाजूने. ही मुलं कितीतरी दिवस तिथे बसत होती. आणि आत त्या इतके दिवस वाचता येणाऱ्या मुलांना वाचायला शिकवत होत्या.

त्या तशाच उठून हेडसरांकडे गेल्या. खुर्चीवर बसायचंही त्यांना सुचलं नाही.

"सर, मुंगीला वाचता येतं. फाडफाड येतं. सगळ्यांनाच येतं."

हेडसरांनी चष्मा काढला. "काल म्हणालात येत नाही. बैठकीत म्हणालात लांब शब्दांचा अडसर आहे. आज म्हणता सगळे फाडफाड वाचतात. उद्या काय म्हणाल, बाई?"

"तुम्हीच येऊन ऐका."

"येतो. उद्या येतो. पण त्या मुलीकडून तुम्ही काही पाठ करून घेतलं असेल तर मला कळेल हं. मी असली पोपटपंची पुष्कळ बघितलीय. आणि नाही वाचलं, तर त्या शाळेला उद्याच कळवतो."

दुसऱ्या दिवशी हेडसर आले तेव्हा खोलीत रंगाचा घमघमाट सुटला होता. चादर काढलेली होती आणि पेंटर लाकडी घोड्यावर चढून शिडीच्या वरचं निळं रंगवत होता. तिथे आता एक लांब तपकिरी फांदी होती, तिरक्या छतावरून थेट पलीकडे उतरणारी, जिथे मुलंच उभी राहू शकत तिथपर्यंत. न्हावी दुकान अर्ध्यावर टाकून आला होता आणि दारात उभा होता. हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने ते पाठीमागे धरले होते.

हेडसरांनी बरोबर एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यांनी मधलंच पान उघडलं. "वाच."

मुंगी उभी राहिली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत एक लांब शब्द आला आणि ती थांबली. तिने आधी इकडे बघितलं, मग तिकडे. परत सुरुवात केली आणि परत त्याच शब्दाशी थांबली. न्हावी दारातून एक पाऊल आत आला.

हेडसरांनी पुस्तक मिटायला हात पुढे केला.

बाई पुढे झाल्या. हेडसरांना ओलांडून कधी त्या अशा पुढे झाल्या नव्हत्या. त्यांनी वरून दुसऱ्या पायरीवरच्या दाटीतून मुंगीचं काळं पाखरू काढलं आणि ते तिला दाखवलं.

"हे मी तुला देणार नाही, मुंगे. हे इथंच राहणार. त्या फांदीवर. खाली तुझं नाव लिहायचं, मोठ्या अक्षरात, मला विसरता येऊ नये म्हणून. आणि वर्गात गेलीस तरी शनिवारी तू इथे यायचंस. बाहेरच्या बाकावरच्यांपैकी एकाला तू शिकवायचंस."

मुंगीने हेडसरांकडे बघितलं. "सर येऊ देतील?"

हेडसर गोंधळले. आपण इथे विचारायला आलोय की सांगायला, हे त्यांना क्षणभर कळेना. "शनिवारी शेवटचा तास," ते म्हणाले. "फक्त शेवटचा. आणि वाचलंस तर."

मुंगीने पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं. "हे नको. तुम्हाला वाटेल पाठ केलंय."

"मग काय वाचणार?"

तिने घोड्याखाली ठेवलेला रंगाचा डबा उचलला. दोन्ही हातांत जेमतेम मावत होता. डबा फिरवत फिरवत, दुकानातल्या त्या रेडिओच्या आवाजात, ती वाचायला लागली.

"वापरण्यापूर्वी काठीने व्यवस्थित ढवळून घ्यावे. ज्वालाग्राही पदार्थ. उघड्या ज्योतीजवळ नेऊ नये. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब वैद्यकीय सल्ला घ्यावा." डबा आणखी फिरला. "लहान मुलांच्या हाती देऊ नये."

"तो आधी खाली ठेव," पेंटर वरून म्हणाला.

हेडसर सावकाश बुटक्या खुर्चीवर बसले. डब्याकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं. या डब्यावरचं कोणी पाठ करून घेऊ शकत नाही, एवढं त्यांनाही पटलं होतं. ते काही बोलणार तेवढ्यात खिडकीजवळचा उठला. "सर, मीपण." मग दाराजवळची. मग जुळे, एका सुरात. मंडळी डब्यावर तुटून पडली आणि हेडसरांना ज्वालाग्राही पदार्थ पुन्हा पुन्हा ऐकावा लागला.

"थांबा," शेवटी ते म्हणाले. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "बाई, म्हणजे या वर्षात तुम्ही शिकवलंत कोणाला?"

बाई दाराकडे वळल्या. त्यांनी बाहेरच्या बाकाकडे बोट केलं. "त्यांना शिकवायचं राहिलं," त्या म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. न्हाव्याने मान दुसरीकडे वळवली. पेंटर जिथे रंग लागून गेला होता तिथेच परत रंग लावत बसला.

फांदीवर एकामागून एक पाखरं गेली, खाली नावं लिहिली गेली. घंटा कोणी वाजवली नाही. मुकुट पेंटरने घरी नेला आणि त्यात खिळे ठेवायला लागला. बाई स्वतः वरच्या मजल्यावर गेल्या, गोट्याचा वर्ग शोधला आणि गोट्या कोण असं शिक्षकांना विचारलं. पुढे आलेल्या मुलाकडे त्यांनी एवढा वेळ निरखून बघितलं की तो घाबरला.

"तुझं पाखरू कुठे आहे रे? फांदीवर लावायचंय."

"बदललं," गोट्या म्हणाला. "एका हिरव्या गोटीशी."

बाईंनी त्याच्यासाठी दुसरं कातरलं.

शनिवारी शेवटच्या तासाला खोली अशी भरली की पेंटरच्या भाषेत मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि मुंगी मात्र शिरली. तिच्या वाट्याला बूट झटकणारा मुलगा आला होता. नवं कोरं केशरी पाखरू, सगळ्यांत खालच्या पायरीवर. बाई एकेकाच्या मागून फिरत होत्या आणि मनातल्या मनात नावं घेत होत्या. मुंगीच्या मागे आल्या तेव्हा तो मुलगा एक ओळ वाचत होता. बरी चालली होती ओळ. एक लांब शब्द आला आणि तो थांबला.

 बाईंनी मुलाकडे बघितलं, मग मुंगीकडे. आता कोणावर आणि कसा विश्वास ठेवायचा, ते त्यांना कळेना.

मुंगीने वर बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते तिने एका दमात वाचलं.

"नाही, बाई," ती हळूच म्हणाली. "ह्याला खरंच येत नाही. मी दोनदा बघितलं." आणि मुलाचं बोट धरून तिने ते त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं.